रसाविना आखाजी

माझ्या रामदासचं जावळ काढलं त्या वर्षाची ही आखाजी. साल आकड्यात सांगायची मला सवय नाही. लिहायला शिकले तीच पन्नाशी उलटल्यावर. त्याआधीची सगळी सालं कोणाच्या तरी जावळावरून, लग्नावरून नाहीतर मरणावरून लक्षात ठेवलेली. मोठ्या दुष्काळाला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आदल्या दिवशी दुपारी मी रामदासला कडेवर घेऊन माहेरी पोचले, तर ओट्यावर कुंभारीण बसलेली. समोर लाल घागरींची उतरंड. माय दारात उभी होती.

"किती ठेवू, तुळसाबाई? एक की दोन?" कुंभारणीनं विचारलं.

"एक," माय म्हणाली. "दरसाल काय विचारते? दरसाल एकच घेते ना मी?"

"विचारावं लागतं बाई," कुंभारीण म्हणाली आणि तिनं उगीचच आप्पांकडे पाहिलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी पिशवी टेकवली. आत पाऊल टाकलं आणि नाकाला वास आला. आंब्यांचा. मागच्या खोलीतून येत होता, नुसता घमघमाट. आमच्या मळ्यात शेंदऱ्या नावाचा एक आंबा होता. रसाला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याचे आंबे पाच वर्षांत या घरात पिकले नव्हते की पिळले नव्हते. माय ते झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायची.

"माय, अढी घातली?"

"मी नाही घातली. तुझ्या बापानं घातली. त्यालाच विचार कशाला घातली."

आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "मी आंबे उतरवले. पुढचं बायांनी बघावं." आणि धोतर सावरत पाराकडे पत्ते खेळायला गेले. आखाजीला आमच्याकडचे पुरुष पत्त्यांना बसले की घराला आग लागली तरी उठत नाहीत.

माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी नांदणाऱ्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, झोके खेळतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. भरल्या घागरीवर खरबूज आणि आंबा ठेवायचा, गोवरीच्या निखाऱ्यावर पोळीचा आणि रसाचा घास टाकायचा, वर तूप सोडायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. वर्षाचा पहिला रस गेलेल्यांचा. तो त्यांना पोचल्याशिवाय जिवंत माणसानं आंब्याला तोंड लावायचं नाही. नंतर मात्र हवा तेवढा खा.

घोळ झाला होता तो माझ्या मोठ्या भावामुळे. त्याचं नाव आधार. दुष्काळात गावातली माणसं कामाला सुरतेकडे निघाली, त्यांच्याबरोबर तो गेला. उधन्याला गाडी थांबली म्हणून पाणी आणायला खाली उतरला. गाडी सुटली. बरोबरच्यांना वाटलं, मागच्या डब्यात चढला असेल. सुरतेला उतरून पाहिलं तर नाही. आप्पा दोनदा जाऊन आले, स्टेशनावर विचारलं, दवाखाने पालथे घातले. जिवंत सापडला नाही, मेलेला सापडला नाही. हातातला तांब्यासुद्धा कोणाला मिळाला नाही.

त्याच्या पुढच्या आखाजीला रस पिळायला बसलो आणि प्रश्न आला. आधारचा रस कुठे वाढायचा? तो येईल म्हणून ताटात, की गेला म्हणून निखाऱ्यावर? मायनं पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि सांगितलं, "आधार येईपर्यंत या घरात गोड होणार नाही." तेव्हापासून आखाजीला आमच्याकडे वरण, भात, भाजी, पोळी. ना रस, ना पुरण. पूर्वजांच्या घासालासुद्धा गुळाचा खडा. माझ्या सासरी माणसं वीस आणि आंब्याचं झाड एकही नाही; वाट्याला वाटीच्या तळाला लागेल एवढा रस यायचा. वर्षातून एकदा माहेरी यायचं आणि कोरडी पोळी खाऊन परत जायचं, याचा मला राग होता. खोटं कशाला बोलू.

पण त्या वर्षी गोष्ट नुसत्या रसाची राहिली नव्हती.

आतल्या खोलीत हिलालभाऊ बसला होता. आधारच्या बायकोचा, धुरपता वहिनीचा भाऊ. समोर चहाची कपबशी तशीच, साय धरलेली.

"मथुराताई, बरं झालं तुम्ही आल्या," तो म्हणाला. "तुम्ही तरी सांगा मायला. अडावदचं स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस सरळ आहे. पहिली बायको गेली, एक लहान पोरगी आहे. दहा बिघे बागायत. धुरपताशी पाट लावायला तयार आहे. पण त्याची आई म्हणते, आधी तिकडे घागर भरू द्या. जिवंत माणसाची बायको आम्ही घरात कशी घ्यावी?"

"बरोबर आहे तिचं."

"तीन वर्षं मी हेच सांगतोय इथं. पहिलं स्थळ असंच गेलं. हा माणूस आखाजीपर्यंत थांबलाय. उद्या संध्याकाळच्या गाडीनं मला जायचंय. घागर भरली तर बहीण घेऊन जाईन. नाही भरली तर तो दुसरीकडे बघेल. त्याचंही काय चुकलं?"

धुरपता वहिनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. मूल नाही. कपाळाला कुंकू, गळ्यात पोत, आणि नवरा कुठे आहे ते देवाला ठाऊक. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"वहिनी, तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काय म्हणणं असणार मथुराबाई? माय म्हणतील तसं."

"मायचं सोडा. तुम्हाला जायचंय की नाही?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मायला विचारा," एवढंच म्हणाली.

असा राग आला मला! ज्याच्या त्याच्या तोंडी दुसऱ्याचं नाव. आप्पा म्हणतात बायांनी बघावं, वहिनी म्हणते मायला विचारा, आणि माय म्हणते बापाला विचार. मागच्या खोलीत आंबे पिकून चालले होते ते काही कोणाला विचारणार नव्हते.

मी अढी उकलली. गव्हाच्या काडात हात घातला तर बोटं रुतली. वरचे आंबे तयार होते, खालचे काही सडून पाणी सुटलेलं. मी सडके वेगळे काढत बसले. माय दारात येऊन उभी राहिली.

"कोणी सांगितलं तुला हात लावायला?"

"सडायला लागलेत माय. अढी चार दिवस आधीच घातली गेली."

"सडू दे. म्हैस खाईल."

"म्हशीला चालतं, लेकीला चालत नाही?"

"तुला रसच खायचा असेल तर सासरी खा. इथं कशाला आली?"

"आखाजीला लेकी कशाला येतात माहेरी? वरणभात खायला?"

"जास्त बोलू नको मथुरे. माझा पोरगा घरात नाही आणि मी वाट्या भरून रस वाढू?"

"तुझा पोरगा पाच वर्षं नाही. पण तिचं काय?" मी चुलीकडे हात केला. "ती काय या घराला जन्माची बांधून ठेवलीय? दावं तरी सोड, नाहीतर चारा तरी घाल."

 मायनं वाकून माझ्या हातातला आंबा घेतला, चांगला तयार, शेंदरी. तो सडक्यांच्या टोपलीत टाकला आणि निघून गेली.

रात्री आप्पा पत्त्यांत हरून आले. जेवताना मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "उद्या बघू." मी म्हटलं, "उद्याच आखाजी आहे आप्पा." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. उद्या बघू." हिलालभाऊनं ताटातला भात चिवडला आणि उठून हात धुतले.

सकाळी गावात झोक्यांवर पोरींची गाणी सुरू झाली. माझ्या वयाच्या सगळ्या माहेरवाशिणी चिंचेखाली जमल्या होत्या. मला दोनदा बोलावणं आलं. मी गेले नाही. रामदासला शेजारणीच्या लेकीकडे दिलं आणि पदर खोचला. मायनं मजघरात तिची एक घागर भरून ठेवली होती, तिच्यावर खरबूज ठेवलं होतं आणि आंब्याच्या जागी नारळ. ते पाहिलं आणि ठरवलं, कोणी काही ठरवो ना ठरवो, मी रस पिळणार. पिळून तर ठेवते. एकदा पातेलं भरलं की कोणी काय करेल?

मागच्या अंगणात पाण्याची बादली घेतली, आंबे धुतले, माचवायला बसले. एकेक आंबा हाताखाली मऊ करत, देठाशी दाबून चीक काढत, पातेल्यात पिळत. साली एकीकडे, कोयी एकीकडे. वहिनी पोळ्या लाटत होती, तिनं एकदा मान वळवून पाहिलं आणि परत पोळपाटाकडे. हिलालभाऊ आढ्याकडे बघत बसलेला. अर्धं पातेलं झालं असेल. कोपरापर्यंत माझे हात पिवळे.

माय आली. वाकली, पातेल्याचे दोन्ही कान धरले आणि उचललं.

"माय, काय करते?"

ती सरळ गोठ्याकडे चालली. मी उठले, हिलालभाऊ उठला. आम्ही पोचायच्या आत तिनं पातेलं म्हशीच्या घमेल्यात उपडं केलं. म्हशीनं एकदा फुर्रकन नाक फेंदारलं आणि तोंड घातलं. पाच वर्षांनी आमच्या घरात रस झाला आणि तो पहिला कोणी प्यायला, तर म्हशीनं. घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं तिनं.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. "आधार येणार नाही" हे बोलले, एवढं नक्की. ते त्या घरात तोपर्यंत कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. "येणार नाही तो माय! मेला तो! तुला कधी कळणार?"

वहिनीचं लाटणं थांबलं.

माय माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारते आता. पण ती पातेलं हातात तसंच धरून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "मला कळत नाही असं वाटतं तुला? गाडी चुकलेला माणूस पायी चालत आला तरी महिन्याभरात घरी येतो. पाच वर्षं लागत नाहीत. पहिल्याच आखाजीला मला कळलं होतं."

"मग?"

"मग काय मग?"

"मग घागर का नाही भरत? रस का नाही करू देत?"

"घागर भरली की हा हिला घेऊन जाईल ना!" तिनं पातेल्यानंच हिलालभाऊकडे दाखवलं. "आधार गेला, तू तुझ्या घरी. सांजेला चुलीशी माझ्यासमोर कोण बसेल? तुझा बाप? त्यानं चार वर्षांत माझ्याशी चार शब्द बोललेले मला दाखव. ताप आला की हीच कपाळाला हात लावते. अंगणात पाय वाजला की मला वाटतं आधार, पण पाय हिचा असतो. हिचाच असतो. आणि मला बरं वाटतं. मी तोंडानं म्हणते आधारची वाट बघते. बघते मी हिची." ती थांबली. "आता सांग, मी कशी भरू घागर?"

हिलालभाऊ खाली बघायला लागला. मला राग आला होता तो तसाच होता, पण आता तो ठेवायचा कुठे ते कळेना.

वहिनी उठली. हात पदराला पुसले. आमच्या कोणाकडे न बघता मागच्या खोलीत गेली आणि अढीत उरलेले आंबे टोपलीत घेऊन आली. फार नव्हते. मायच्या हातातलं पातेलं तिनं घेतलं, बादलीत बुडवून विसळलं आणि माझ्या जागेवर मांडी घालून बसली.

"धुरपते," माय म्हणाली.

"मला माहीत होतं माय," वहिनी आंबा माचवत म्हणाली. "हिलालनं पहिलं स्थळ आणलं तेव्हापासून. तुम्ही त्या दिवशी माझ्या पोळीवर तूप जास्त घातलं होतं. तुम्ही तूप कधी जास्त घालता का?"

"मग बोलली का नाही?"

"काय बोलू? मला जाऊ द्या म्हणू? तुमच्या तोंडून निघायची वाट बघत होते. आता निघालं." तिनं कोय टाकली. "तुम्ही आज घागर भरली नाही तर मी उद्याही इथंच असेन. पळून जाणार नाही. पण मला मूल हवंय माय. तिथं एक पोरगी आहे, आई नसलेली. मला जायचंय."

पाच वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी 'मला हवंय' हे पहिल्यांदा ऐकलं.

माय गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.  मग म्हणाली, "दुसरी घागर कुठं आहे? कुंभारणीकडे आता उरली असेल का?"

तेवढ्यात आप्पा आले. आमचा आरडाओरडा पारापर्यंत गेला असणार. त्यांनी सगळं कुठून ऐकलं कोण जाणे, पण ते थेट गोठ्यात शिरले, कडब्याच्या मागे वाकले आणि एक घागर काढून आणली. नवी. अजून माती लागलेली. मी वाकून पाहिलं तर कडब्याच्या मागे आणखी चार घागरी पालथ्या घातलेल्या होत्या, धुळीनं भरलेल्या.

"दरसाल घेत होतो," आप्पा म्हणाले. "म्हटलं, असावी."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणून ती मेली कुंभारीण मला दरसाल विचारायची, एक की दोन!"

"तिला सांगितलं होतं, बोलू नको म्हणून."

"पाच वर्षं घागरी आणून कडब्यात दडवल्या, पण तोंड उघडून एकदा सांगता नाही आलं?"

"तू ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. पण सांगायचं तरी!"

असंच होतं आमचं घर. प्रत्येकाला सगळं माहीत, आणि बोलायचं कोणी नाही. त्यापायी दोन पाट्या आंबे सडले आणि एका बाईची पाच वर्षं.

वहिनीनं घागर धुतली. विहिरीवरून पाणी आणून भरली. मजघरात पहिलीच्या शेजारी ठेवली, वर आंबा ठेवला. तो जरा लागलेला होता, दुसरा चांगला उरलाच नव्हता. निखारे फुलवले. आप्पा बसले, एकेक नाव घेत घास टाकू लागले. त्यांच्या बापाचं, आजाचं, लहानपणी गेलेल्या भावाचं. तुपानं निखारा भडकायचा आणि बसायचा. मग त्यांचा हात वाटीत थांबला. नाव येईना.  वहिनीनं घेण्याचा प्रश्नच नव्हता; नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलेलं नव्हतं.

मायनं आप्पांच्या हातातून वाटी घेतली.

"आधार," ती म्हणाली, आणि रस निखाऱ्यावर सोडला. चर्र झालं. घरभर आंबा जळल्याचा वास पसरला. "जेव बाबा."

वहिनीनं गळ्यातली पोत काढून घागरीपाशी ठेवली. कोणी सांगितलं नाही, कोणी हात लावला नाही.

मग ताटं वाढली. आंबे थोडे होते, माणसं पाच, म्हणून वहिनीनं रसात पाणी आणि गूळ घातला होता. मायनं पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, चघळला.

"पातळ झालाय," ती म्हणाली.

"घट्ट होता तो म्हशीला पाजला तुम्ही," वहिनी म्हणाली.

हिलालभाऊला ठसका लागला. मायनं आणखी एक तुकडा बुडवला आणि डोळ्यांतलं पाणी तसंच गालावरून वाहू देत जेवत राहिली. मला वाटीभर रस मिळाला. आंबट होता.

संध्याकाळी वहिनी निघाली. लुगड्याचं एक गाठोडं. हिलालभाऊ पुढे फाट्याकडे गेला. माय ओट्यावरून खाली उतरली नाही. खांबाला धरून उभी होती.

"येते माय."

"येते काय म्हणते? केव्हा येते?"

वहिनी गोंधळली. ज्या घरात सून म्हणून होती त्या घरी आता कोण म्हणून यायचं, ते तिला कळेना. मलाही कळलं नव्हतं.

"आखाजीला ये," माय म्हणाली. "लेकी आखाजीलाच येतात. अढी मी वेळेवर घालीन."

ती आली. दरसाल आली. पहिल्या वर्षी ती अडावदची पोरगी बोटाला धरून, पुढे स्वतःचे दोन मुलगे घेऊन. आम्ही दोघी एकाच झोक्यावर बसायचो. रस घट्ट व्हायचा, पण माय म्हणायची पातळ झालाय.

आप्पा गेले माझ्या रामदासला शाळेत घातलं त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. माय गेली रामदासच्या लग्नानंतर, चैत्रात, आखाजी पंधरा दिवसांवर असताना. आधार कोणत्या दिवशी गेला ते कोणालाच माहीत नाही. आम्ही आखाजी धरतो. धुरपता वहिनी गेली यंदाच्या फाल्गुनात. तिची घागर अडावदला तिच्या मुलांनी भरली, आणि एक मी माझ्या घरी भरली.